पूल गेला, रस्ता उघडाच राहिला

पावसाळ्यात मुंबईहून गावाकडे किंवा गावाहून मुंबईला कुणी निघाले, की आम्हा कोकणी घरांत रात्री एक फोन होतोच. पूर्वी अम्मी एवढेच विचारायची, "कुठवर आलात? जेवलात का?" २०१६ नंतर त्यात आणखी एक प्रश्न वाढला, "सावित्री ओलांडली का?" पलीकडून "हो, ओलांडली" असे उत्तर आले, की मगच घरातला दिवा मालवतो.

या प्रश्नामागे महाडजवळची एक रात्र आहे. तिला आता बरीच वर्षे झाली. नवा पूल उभा राहिला, त्यावरून रोज हजारो गाड्या धावतात. नव्या पिढीतल्या मुलांना तर तो पूल नेहमीच तिथे होता असे वाटते. म्हणूनच तो प्रसंग पुन्हा एकदा नीट सांगावा असे आम्हाला वाटले. गेलेल्यांची आठवण हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण असे, की त्या रात्रीने विचारलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

मंगळवारची ती रात्र

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार. रायगड जिल्ह्यात धुवाधार पाऊस पडत होता. मुंबई-गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्री नदीवर तेव्हा शेजारी शेजारी दोन पूल होते. एक नवा, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या वाहनांसाठी. दुसरा जुना, इंग्रजांच्या काळात १९२८ च्या सुमारास बांधलेला दगडी कमानींचा. गोव्याकडून मुंबईला येणारी वाहने या जुन्या पुलावरून येत.

रात्री साडेअकराच्या सुमारास जुन्या पुलाचा मोठा भाग पुराच्या पाण्यात कोसळला. पूल पडला तरी रस्ता मात्र उघडाच होता. अंधार, मुसळधार पाऊस आणि समोर डांबरी रस्ता दिसतोय असे वाटत असतानाच एकाएकी काहीच नाही. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस त्या पोकळीत गेल्या. एक तवेरा गाडीही गेली. दोन्ही बसमध्ये चालक-वाहक धरून बावीसच्या आसपास माणसे होती. एकूण मृत आणि बेपत्ता यांची संख्या चाळीसच्या घरात गेली.

ही संख्या आणखी किती वाढली असती याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. ती वाढली नाही, याचे श्रेय जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका साध्या कामगाराला आहे. पुलावर गेलेल्या गाडीचा दिवा अचानक नाहीसा झाला, हे त्याच्या लक्षात आले. तो आणि त्याचे सोबती भर पावसात रस्त्यावर धावले आणि त्यांनी हात दाखवून येणारी वाहने थांबवली. त्याच्याकडे ना शिट्टी होती, ना लाल दिवा, ना सरकारी गणवेश. तरी त्या रात्री पुलाचा खरा पहारेकरी तोच ठरला.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, हेलिकॉप्टर असे सारे आले. स्थानिक मच्छीमारांनी होड्या काढल्या. पाण्याला इतकी ओढ होती की क्रेनला जड लोहचुंबक लावून बसचा तळ शोधावा लागला. नदीत मगरी आहेत, त्याचीही भीती होती. पहिल्या बसचा सांगाडा सापडायला नऊ-दहा दिवस लागले, आणि तो सापडला पुलापासून दोनेकशे मीटरच्या आतच. माणसे मात्र दूर वाहून गेली होती. खाडीच्या दोन्ही काठांवर, आंबेतकडे, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर आणि पार दापोलीकडच्या आंजर्ल्यापर्यंत मृतदेह सापडले. काहींचे शेवटपर्यंत सापडले नाहीत.

त्या बसमध्ये हिंदू होते, मुसलमान होते. कुणी सुट्टी संपवून कामावर निघाले होते, कुणी नातेवाइकांकडे. पुराने कुणाला नाव विचारले नाही.

नदी, पाऊस आणि भरती

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. घाट उतरून पोलादपूर, मग महाड, पुढे दासगाव, आंबेत, म्हाप्रळ करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाबळेश्वरचा पाऊस किती, हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे पडलेले पाणी काही तासांत महाडला येऊन पोहोचते. महाडजवळ गांधारी तिला मिळते, पुढे दासगावच्या बाजूला काळ नदीचे पाणी येते. म्हणजे उतारावरून धावत आलेले सगळे पाणी सपाट जागी एकत्र होते आणि तिथेच तुंबते.

तुंबायचे आणखी एक कारण म्हणजे समुद्र. खाडीकाठच्या आमच्या लोकांना भरतीचा हिशेब शिकवावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असा जुना ठोकताळा आहे. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी. तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास उधाणाची भरती, आणि खाडीत आत शिरायला तिला आणखी थोडा वेळ. २ ऑगस्टची ती रात्र अमावास्येचीच होती. डोंगरातून पाणी खाली येत होते आणि समुद्र त्याला वाट द्यायला तयार नव्हता. भरतीमुळेच पूल पडला असे आमचे म्हणणे नाही. पण अशा रात्री नदी किती फुगू शकते, हे आमच्या कुठल्याही तांडेलाने पंचांग पाहून सांगितले असते.

हे पाणी काही त्याच एका वर्षी आले नाही. २५-२६ जुलै २००५ ला महाड बुडाले आणि जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी कोसळून सुमारे दोनशे माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड पाण्याखाली गेले आणि तळिये गावावर डोंगर आला. खाडीत साचलेला गाळ, नदीतली बेटे, पात्रातला वाळूउपसा, दासगावजवळ रेल्वेसाठी घातलेला भराव, या सगळ्यांविषयी महाडकर वर्षानुवर्षे बोलत आहेत. २०२१ च्या पुरानंतर गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. पण पात्र एकदा साफ केले म्हणजे कायमचे काम झाले, असे होत नाही. पुढचा पूर आला की नवा गाळ येतोच.

पूल कसा पडतो?

आपल्याला वाटते, पाण्याच्या जोराने पूल ढकलला जातो. कधी तसेही होते. पण बहुतेक वेळा खरे नुकसान वर नव्हे, खाली होते, जिथे आपली नजर जात नाही.

श्रीवर्धनच्या किंवा मुरुडच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन गेलात, तर एक गंमत करून पाहा. लाट परत जाताना ओल्या वाळूत स्थिर उभे राहा. दोन-चार लाटांत टाचांखालची वाळू निघून जाते आणि आपण मागे कलंडतो. आपल्याला कुणी ढकलले नाही, आपल्या पायाखालचा आधार गेला. पुलाच्या खांबाचेही तसेच होते. पुराचे पाणी खांबाला अडते, त्याच्याभोवती भोवरे होतात आणि ते तळची माती-वाळू उकरून नेतात. पूर ओसरला की तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो. वरून पाहणाऱ्याला सगळे ठीकठाक दिसते. पण तो गाळ पोकळ असतो, पुढच्या पुरात तो आधी जातो.

दगडी कमानींच्या पुलात आणखी एक गोष्ट असते. एक कमान दुसरीला रेटा देऊन उभी असते. मधला एक खांब बसला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी जातात. त्यातच दगडांच्या फटींत पिंपळ-वडाची रोपे उगवतात, त्यांची मुळे सांधे उघडतात आणि चुना धुऊन जातो. आपल्या घराच्या गच्चीवर उगवलेले पिंपळाचे रोप आपण लगेच उपटतो. पुलावरच्या रोपाकडे मात्र वर्षानुवर्षे कुणाचे लक्ष जात नाही.

दुर्घटनेच्या आधी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असे आढळले होते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. त्यावर खूप चर्चा झाली, न्यायिक चौकशी आयोगही नेमला गेला. आम्हाला इथे एवढेच म्हणायचे आहे, की उन्हाळ्यात कोरड्या पात्रात पूल पाहणे वेगळे आणि ऑगस्टच्या अमावास्येला भरल्या नदीत पाहणे वेगळे. उन्हाळ्याची पाहणी हवीच. पण पुराच्या रात्री पुलावर कोण आहे, हा प्रश्न तिने सुटत नाही.

रेल्वेने काय केले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. त्याच सावित्रीवर काही अंतरावर कोकण रेल्वेचा पूल आहे.

रेल्वेनेही आपले धडे माणसे गमावूनच घेतले. २९ ऑक्टोबर २००५ ला, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात वलीगोंडाजवळ वरचा तलाव फुटला, त्या पाण्याने रुळाखालचा लहान पूल वाहून नेला आणि पहाटेची पॅसेंजर गाडी त्यात गेली. शंभराहून अधिक माणसे मरण पावली. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री मध्य प्रदेशात हरदाजवळ मुंबईहून वाराणसीला निघालेली कामायनी एक्सप्रेस आणि समोरून येणारी जनता एक्सप्रेस, दोन्ही एकाच ठिकाणी घसरल्या, कारण नदीच्या पाण्याने रुळांखालचा भराव धुऊन नेला होता. काही मिनिटे आधी तिथून गाड्या सुखरूप गेल्या होत्या, असे रेल्वेने सांगितले. पुराचा धोका असा मिनिटांचा असतो.

आमच्या कोकण रेल्वेच्या वाट्यालाही हे आले. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर वर्षभरातच, १६ जून २००४ ला, आमच्याच महाड तालुक्यात करंजाडीजवळ आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर आलेल्या दगडांमुळे घसरली आणि तिचे डबे पुलावरून खाली पडले. त्या दोन पावसाळ्यांनी कोकण रेल्वेची झोप उडवली.

आज पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच वेगळे असते. गाड्या हळू चालतात. जोराच्या पावसात समोरचे नीट दिसत नसेल, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची सूचना चालकांना असते. डोंगरांना जाळ्या मारल्या आहेत. रात्रंदिवस गस्त घालणारी माणसे कंदील-बॅटरी घेऊन रुळांवरून चालतात. आणि मुख्य म्हणजे तीन पुलांवर पूर इशारा यंत्रणा बसवली आहे. माणगाव ते वीर दरम्यान काळ नदीवर, वीर ते सापे वामने दरम्यान सावित्रीवर, आणि चिपळूण ते कामथे दरम्यान वाशिष्ठीवर. पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की तिथून इशारा मिळतो.

त्याचा उपयोग काय होतो, हे २२ जुलै २०२१ ला दिसले. चिपळूणजवळ वाशिष्ठीचे पाणी रेल्वेपुलापाशी धोक्याच्या पातळीवर गेले. गाड्या थांबवल्या गेल्या. सुमारे सहा हजार प्रवासी ठिकठिकाणच्या स्थानकांवर अडकले. आमच्यातलेही काही त्यात होते. मुले भुकेने रडत होती, फोनची बॅटरी संपली होती, लोक रेल्वेला बोल लावत होते. आम्हीही लावले. आज विचार केला तर लाज वाटते. अडकलेला माणूस दुसऱ्या दिवशी उशिरा का होईना, घरी पोहोचतो.

एकाच नदीवर दोन पूल. रेल्वेच्या पुलावर पाण्याची खूण पाहणारी यंत्रणा आहे. त्या रात्री रस्त्याच्या पुलावर गॅरेजमधल्या एका कामगाराची नजर, एवढाच काय तो आधार होता. रेल्वेला अपघात झाला तर चौकशीसाठी रेल्वे सुरक्षा आयुक्त असतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. रस्त्यावरच्या पुलासाठी प्रत्येक वेळी नव्याने समिती नेमावी लागते.

सरकारने पुढे काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत पूर्ण झाला आणि ५ जून २०१७ ला, पुढचा पावसाळा लागायच्या आत, वाहतुकीला खुला झाला. देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी प्रणालीही २०१६ मध्येच सुरू झाली. पण १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत पडून चार माणसे गेली. तो धोकादायक आहे हे आधीच ठाऊक होते. महिना पुरा व्हायच्या आत गुजरातेत महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळून वीसच्या आसपास माणसे गेली. म्हणजे नोंद झाली, फलक लागला, तरी पूल बंद करणारा माणूस अजून कमीच पडतो.

मागे राहिलेल्यांचे काय?

पेपरात आकडे येतात. घरात आकडा नसतो, रिकामी खाट असते. आणि ज्यांचा माणूस सापडलाच नाही, त्यांचे दुःख आणखी वेगळे. मय्यत नाही, कबर नाही, दारात चप्पल वाजली की अजून मान वळते.

बुडून मृत्यू आलेल्या मोमिनाला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा सांगितला आहे. ही गोष्ट अशा घरांना मोठा आधार देते. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मसलकाचे आहेत. मृत्यूची खात्री असेल तर या मसलकात गायबाना नमाज-ए-जनाजा पढता येते. आपल्या इमामसाहेबांना विचारून ती जरूर पढावी. त्याने घरच्यांच्या मनाला एक प्रकारचा विराम मिळतो.

पण कागदांचा प्रश्न राहतोच. मृत्यूचा दाखला नसेल तर विमा, पेन्शन, बँकेचे खाते, सगळे अडते. कायद्याने सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, त्याला मृत धरता येते. मोठ्या आपत्तीनंतर सरकार ही मुदत न पाहता मदतीचे आदेश काढू शकते. त्यासाठी घरच्यांनी पोलिसांत बेपत्ता झाल्याची नोंद ताबडतोब करणे आणि तिची प्रत जपून ठेवणे महत्त्वाचे असते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानुसार पती चार वर्षे बेपत्ता असेल तर पत्नीला न्यायालयात जाता येते. दुःखाच्या घरात या गोष्टी बोलणे कुणाला बरे वाटत नाही. म्हणूनच जमातीतल्या जाणत्या माणसांनी पुढे होऊन ते काम अंगावर घ्यावे. चाळीसाव्याच्या जेवणापेक्षा त्या विधवेला या मदतीची गरज जास्त असते.

आपण काय करावे?

एसटीच्या साध्या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते. त्या रात्री बसमध्ये नेमके कोण होते, हे घरच्यांनी पुढे येऊन सांगितले तेव्हाच कळत गेले. म्हणून पावसाळ्यात बसमध्ये बसल्यावर बसचा नंबर, सुटायचे ठिकाण आणि वेळ घरी कळवावी. तिकिटाचा फोटो काढून पाठवणे सर्वांत सोपे.

चालकाने गाडी थांबवली तर त्याला घाई करू नये. "मागची गाडी गेली की" असे म्हणणारा प्रवासी प्रत्येक बसमध्ये असतो. तो आपण नसावे. पुलावरून पाणी जात असेल, तर ते घोट्याएवढे दिसले तरी गाडी घालू नये. खाली रस्ता आहे की नाही, हे पाण्यावरून कळत नाही.

गावाजवळच्या पुलाला भेग दिसली, कठडा तुटला, खांबाजवळ खड्डा पडला किंवा झाड उगवले, तर फोटो काढून ग्रामपंचायतीला आणि बांधकाम विभागाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. रस्त्यावर कुठेही धोका दिसला तर ११२ वर, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर, आणि रेल्वेबाबत १३९ वर फोन करावा. आपल्या मोहल्ल्याच्या तरुणांनी पुराच्या रात्री पुलाच्या दोन्ही टोकांना बॅटरी घेऊन उभे राहायचे ठरवले, तर ती मोठी खिदमत होईल. आणि आपल्या आमदार-खासदारांना एक साधा प्रश्न जरूर विचारावा. जी यंत्रणा रेल्वेच्या पुलावर आहे, ती महामार्गाच्या पुलावर का नसावी?

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे आमच्या लोकांनी बोट सोडून एसटी धरली, एसटी सोडून रेल्वे धरली. वाट बदलली, पण कोकणातला पाऊस तोच राहिला. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. पुलाची देखभाल, पाण्यावरची नजर आणि वेळेवर थांबवलेली गाडी म्हणजे उंट बांधणेच आहे.

या पावसाळ्यात तुमच्यापैकी अनेकांची मुले रात्रीच्या गाडीने सावित्री ओलांडतील. अल्लाह सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो आणि त्या रात्री गेलेल्या सर्वांच्या घरच्यांना सब्र देवो. आमीन.